“सरांना फोन करू का?”

आज मधल्या सुट्टीत डबा उघडला आणि फोन वाजला. परवा जिथून गाडी काढून आणली, त्या मोठ्या गॅरेजचा. “मॅडम, नवीन गाडीचं काय ठरलं? सरांना फोन करू का?”

आमच्या सरांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गाडी चालवता येत नाही. लायसन्सच काढलेलं नाही त्यांनी. 2012 ला वॅगनआर घेतली ती माझ्या पगारावर, हप्ते फेडले मी, पंक्चर झाली तर जॅक लावते मी. पण गाडीचं मोठं काम निघालं की सगळ्यांना ‘सर’ आठवतात. घास हातातच राहिला. म्हटलं, आज लिहायचंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. गेल्या रविवारी साखळीहून, नणंदेकडून परत येत होतो. चोर्ला घाट चढताना इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला. एसी चालू, गाडीत चार माणसं, डिकीत नणंदेनं बांधून दिलेले नारळ. आणि मी काय केलं? थांबले नाही. “कणकुंबी आलंच की, तिथं चहाला थांबू” म्हणत तीन-चार किलोमीटर तशीच दामटली. मग पिकअप गेला, बॉनेटमधून वाफ यायला लागली आणि गाडी आचका देऊन बंद. बघितलं तर खालचा होज, म्हणजे पाण्याची रबरी नळी, फाटलेला. आणि आत कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, तरी कुठलं? दोन महिने मी नळाचं पाणीच घालत होते. चूक माझी. शंभर टक्के माझी. आधीच कबूल करते, म्हणजे खाली कुणी शहाणपण शिकवायला नको. मलप्रभेचा उगम तिथं कणकुंबीलाच, पाण्याला तोटा नव्हता. पण तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नसतं, एवढी अक्कल शिल्लक होती. टेम्पोमागं टोचन लावून गाडी बेळगावात आणली.

आणली ती त्या मोठ्या गॅरेजात, कारण सगळे म्हणाले, “मोठं काम आहे, मोठ्या ठिकाणी दे.” दुसऱ्या दिवशी एस्टिमेट आलं. 82,000. इंजिन ओव्हरहॉल. मी विचारलं, नेमकं काय गेलंय? “मॅडम, इंजिन ओव्हरहीट झालंय.” अरे बाबा, ते मलाही माहीत आहे, वाफ मीच बघितलीय. कुठला भाग गेला? “ते ओपन केल्यावर कळेल.” मग न उघडताच 82,000 कशाचे काढलेस? त्याला उत्तर नाही. आत जाऊन गाडी बघू म्हटलं तर, “कस्टमरना आत अलाउड नाही.” काचेच्या पलीकडं माझी गाडी, अलीकडं मी. दवाखान्यात आयसीयूबाहेर बसवतात तसं. वर हळूच सुचवलं, “तशीच द्या, एक्स्चेंजमध्ये 45,000 धरू. छोट्या गाड्यांचा जीएसटी उतरलाय.” आणि शेवटी, “सरांशी एकदा बोलून घेऊ का?” तेव्हा सोडून दिलं होतं.

आता 2017 ची गोष्ट सांगते, काहींनी माझ्या तोंडून आधी ऐकली असेल. इंजिनातून कर्रर्र आवाज यायला लागला होता. तेव्हाही अशाच एका चकचकीत ठिकाणी सांगितलं, टायमिंग चेन गेली, 22,000 लागतील. पैसे भरणारच होते. शाळेतल्या शिपायांनी सांगितलं म्हणून आधी उद्यमबागेच्या, आमच्या बेळगावातल्या कारखान्यांच्या भागाच्या, मागच्या अंगाला पत्र्याच्या शेडमधल्या मेस्त्रीमामांकडं नेली. मामांनी पट्टा काढून गाडी दहा सेकंद चालू केली. आवाज गायब. “म्हंजे आवाज इंजिनातला न्हवं, टीचर. पट्ट्यावर जे फिरतंय त्यातला हाय.” पट्टा परत चढवला, एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक अल्टरनेटरला (पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) टेकवलं आणि मूठ माझ्या हातात दिली. “कानाला लावा. तुम्हीच ऐका.”

मी ऐकलं. मिक्सरमध्ये खडा अडकावा तसा आवाज. मग तेच टोक इंजिनावर टेकवायला लावलं, तिथं नुसती एकसारखी टकटक. अल्टरनेटरचं बेअरिंग बदललं. 650 रुपये.

मला त्या दिवशी 21,350 वाचल्याचा आनंद झालाच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्या कानाला लावला. सरांच्या नव्हे.

तर बुधवारी तपासणीचे 1,500 भरून त्या काचेच्या महालातून गाडी सोडवली आणि परत टोचन लावून मामांकडं. मनातून वाटत होतं, मामा परत काहीतरी 650 चं काढतील. नाही काढलं. डिपस्टिक, म्हणजे ऑइल बघायची पट्टी, ओढली, कापडावर पुसून दाखवली. ऑइल दूध जास्त झालेल्या चहासारखं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. “ह्या वेळी मोठं हाय, टीचर.” पोटात गोळा आला.

पण त्यांनी लगेच आकडा सांगितला नाही. प्लग काढून तिन्ही सिलिंडरचं कम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजलं. तिसऱ्यात 170, पहिल्या आणि दुसऱ्यात 100 च्याही खाली. शेजारशेजारचे दोन एकदम पडले, म्हणजे बहुतेक त्या दोन्हींच्या मधली गॅस्केट (इंजिनाचे भाग जुळतात तिथं गळती अडवणारी पातळ पत्ती) जळलीय, म्हणाले. तरी थांबले नाहीत. त्या दोन्हींत चमचाचमचा ऑइल सोडून परत मोजलं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ऑइलनं फट भरून आकडा वर आला असता. आला नाही. “उघडतो. उघडून तुमच्या मनात नसलं तर काम थांबवू, उघडायचे 3,000 द्या. चालंल?” चालेल म्हटलं.

काल संध्याकाळी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, टेबलावर होतं. गॅस्केट दोन सिलिंडरच्या मधोमध काळी, पापडासारखी फुटलेली. हेडवर स्टीलची सरळ पट्टी उभी धरली, पलीकडं टॉर्च लावला. पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ. फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या साधनाची, 0.15 मिलिमीटरची पत्ती त्या फटीत सरकन गेली. हेड ॲल्युमिनियमचं, तापलं की असं वाकतं. माझे वडील उद्यमबागेतच टर्नर होते, घरी यायचे तेव्हा शर्टाला कटिंग ऑइलचा वास यायचा. ती पत्ती हातात आली आणि तो वास आठवला. असो.

मग खाली ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असतात तो भाग. “नख फिरवा आतनं.” सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, म्हणजे बोरवर, फिरवलं. कुठंही अडकलं नाही. भिंतीवरच्या तिरप्या बारीक रेघा चौदा वर्षांनीसुद्धा दिसत होत्या. “बोर चांगला हाय. पिस्टन-रिंगला हात लावायची गरज न्हाई. बोर केला तर माझी मजुरी वाढंल, तुमची गाडी काय वाढणार न्हाई.” हे वाक्य मला त्या काचेच्या महालाच्या भिंतीवर लिहून यावंसं वाटतंय.

आकडा 24,500. हेड फेसिंग (वाकलेलं हेड घासून सपाट करणं), व्हॉल्व्हचं काम, गॅस्केट सेट, हेडचे नवे बोल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, दोन्ही होज, ऑइल, कूलंट आणि मजुरी धरून. कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरची मागची बाजू.

हो, कळतंय मला, त्या कागदाला कोर्टात कुणी विचारणार नाही. मोठ्या गॅरेजचं पक्कं बिल असतं, वॉरंटी असते. मान्य. मामा दोन दिवस सांगतात आणि सहा लावतात, तेही मान्य.

पण ही 82,000 वाली मंडळी जे काम करणार होती त्यात बोर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवं. चांगलं असलेलं काढून नवं! आणि ते चांगलं होतं हे मला कधी कळलंच नसतं, कारण कस्टमर आत अलाउड नाही. राग पैशाचा नाही हो. म्हणजे पैशाचाही आहे. 82,000 म्हणजे काय गंमत आहे? पण जास्त राग त्या काचेचा आहे.

आता तुम्हा लोकांकडं वळते. स्टाफरूममध्ये, घरच्या ग्रुपवर, सगळ्यांनी मला एकच ऐकवलंय: “भंगारात घाल.” पुढच्या वर्षी 15 वर्षं होतात, फिटनेस करायचा, नोंदणी वाढवायची, 5,000 फी, कशाला जुन्यात पैसे ओततेस? कोल्हापूरचा भाऊ म्हणतो जुनं इंजिन बसव, स्वस्तात मिळतं. अरे, त्या इंजिनाला आधी कुणी घाटात दामटलंय ते मला काय माहीत? माझ्यासारखीच कुणीतरी असेल! शिवाय इंजिन नंबर बदलला की आरटीओत जाऊन आरसीवर चढवायचा, ते वेगळंच.

आणि ‘गाडीची किंमत किती, खर्च किती’ हा हिशेब मला पटत नाही. गाडी विकायचीच नाही तर तिची बाजारातली किंमत घेऊन मी काय करू? मी विचारते, 24,500 मध्ये मला दुसरी कुठली गाडी मिळते, जिचा क्लच गेल्या वर्षी बदललाय, चारी टायर नवे आहेत आणि जिचं बोर मी स्वतःच्या नखानं तपासलंय? नवी गाडी घेतली तर 24,500 तीन हप्त्यांत संपतील आणि पुढं पाच वर्षं हप्ते. जीएसटी 28 वरून 18 वर आला म्हणजे गाडी फुकट झाली नाही. एअरबॅग हव्यात, हे मात्र खरं. त्याला माझ्याकडं उत्तर नाही. घाटात गाडी बंद पडली तेव्हा मागं मुलगा बसला होता, हेही खरं.

एवढं लिहून झाल्यावर राग जरा उतरलाय. तो फोन करणारा मुलगा बावीस-तेवीसचा असेल. त्याला महिन्याला किती गाड्या खपवायच्या ते कुणीतरी वरून सांगत असणार. त्यानं हाक मारली तेव्हा तोंडातून “टीचर” निघता निघता “मॅडम” झालं होतं, आपल्याच कुठल्यातरी शाळेतून शिकलेला पोरगा असणार. त्याच्यावर नाही ओरडले मी. “सरांना गाडी येत नाही, मलाच बोल,” एवढंच म्हटलं. तो “ओके मॅडम” म्हणाला आणि ठेवला.

भाऊ म्हणतो, एकदा 650 मध्ये काम झालं म्हणून तू त्या मेस्त्रीला देव करून ठेवलंयस. माणूस 2017 ला खरं बोलला म्हणून आजही बरोबरच असेल कशावरून? मुद्दा बिनतोड आहे, चिडचिड झाली तरी. मामाही चुकू शकतात. पण ते चुकले तर कुठं चुकले ते मला दिसेल, कारण स्क्रू-ड्रायव्हर तेव्हाही माझ्या हातात होता आणि काल फिलर गेजही.

10,000 ॲडव्हान्स आज संध्याकाळी देऊन आले. बाकीचं मात्र अजून ठरलेलं नाही. फेसिंगला टाकायच्या आधी उद्या हेडची प्रेशर टेस्ट आहे. पाण्याच्या टाकीत बुडवून हवा भरतात. बुडबुडे आले तर हेडला तडा, मग फेसिंग करून उपयोग नाही, दुसरं हेड शोधायचं आणि 24,500 चा आकडा विसरायचा. आणि हेड फार घासायचं झालं तरी अडचण, कम्प्रेशन वाढतं, त्यालाही मर्यादा आहे म्हणाले. मामांनी विचारलं, “मी एकटा जाऊन करून आणू का?” म्हटलं, नको. शाळा 4 ला सुटते, मी येते. टाकीजवळ उभी राहून बघणार आहे.

बुडबुडे आले का ते उद्या रात्री कळवते.