बेलापूरची 377 मतं आणि न्यू जर्सीचा निळा रंग

निवडणूक झाली की नेरुळच्या मित्रांच्या ग्रुपवर रंगवलेला नकाशा येतोच. डिसेंबर 2023 मध्ये भाजपने मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड जिंकलं, तेलंगण काँग्रेसकडे गेलं, आणि 'उत्तर एकीकडे, दक्षिण दुसरीकडे' असं सगळ्यांनी ठरवूनही टाकलं. एकाने मला विचारलं, "तुमच्या अमेरिकेतली लाल आणि निळी राज्यं, तसंच ना?"

तसंच म्हणायला माझी तयारी नाही, कारण मुळात इथला रंगच फसवा आहे. लाल म्हणजे ट्रम्प यांचा रिपब्लिकन पक्ष जिंकतो ते राज्य, निळं म्हणजे हॅरिस यांचा डेमोक्रॅटिक पक्ष जिंकतो ते. मी राहतो ते न्यू जर्सी 'निळं'. 2024 मध्ये इथली सुमारे 46 टक्के मतं ट्रम्पना पडली, तरी राज्याची 14 च्या 14 इलेक्टोरल मतं (राष्ट्राध्यक्ष ठरतो तो याच राज्यवार मतांवर) हॅरिसना. 2020 मध्ये ट्रम्पना टेक्सासपेक्षा जास्त मतं कॅलिफोर्नियात होती, त्याही मतांचा उपयोग शून्य. मेन आणि नेब्रास्का सोडले तर सगळीकडे जिंकेल त्याला सगळं. म्हणून प्रचाराचा पैसा नदीपलीकडे, चुरस असलेल्या पेनसिल्व्हेनियात ओततात. आमच्याकडे कोण कशाला फिरकेल?

आपल्याकडे निदान मतदारसंघागणिक हिशेब होतो. नोव्हेंबर 2024 मध्ये बेलापुरात मंदा म्हात्रे 377 मतांनी निवडून आल्या. एवढी मतं आमच्या नेरुळच्या सेक्टरमधल्या दोन सोसायट्यांत निघतील! ठाण्यात कोपरी-पाचपाखाडीत शिंदे दणदणीत, खाडी ओलांडली की कळव्या-मुंब्र्यात आव्हाड, महापालिका एकच. (शिवसैनिकांचं तर विचारूच नका. मतदार जागेवर, पक्षच दोन झाले.) महाराष्ट्राला कुठला रंग द्यायचा? लोकसभेला 48 पैकी 30 जागा आघाडीला, आणि सहा महिन्यांत विधानसभेला 288 पैकी 230 महायुतीच्या तिन्ही पक्षांना. त्याच लोकसभेला नकाशातल्या 'उत्तरे'त उत्तर प्रदेशात भाजप 62 वरून 33 वर आला, आणि 'दक्षिणे'त तेलंगणात 17 पैकी 8 जागा घेऊन गेला.

उत्तर-दक्षिण भांडण खोटं आहे असं नाही. पण ते जागांच्या वाटपाचं आहे. 2024 ची लोकसभाही 1971 च्या जनगणनेवरून ठरलेल्या राज्यवार जागांवरच लढली गेली. ताज्या लोकसंख्येवर वाटप झालं तर उत्तर प्रदेशचा वाटा वाढेल, तमिळनाडूचा घटेल. कुटुंबं लहान ठेवली म्हणून दिल्लीत वजन कमी होणार असेल, तर चेन्नईतला भाजपवालाही चिडेलच की.