आटे, ऑइल आणि ‘कंजूषपणा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मोटारसायकलचे ऑइल घरी कसे बदलावे, यावरील माझ्या लेखाला एका वाचकाने सविस्तर प्रतिक्रिया दिली आहे. हे गृहस्थ पुण्यात एका दुचाकी शोरूमच्या सर्व्हिस विभागात अकरा वर्षे आहेत, असे त्यांनीच लिहिले आहे, म्हणून त्यांचे म्हणणे मी दोनदा वाचले. आक्षेप थोडक्यात असे : स्प्लेंडरसाठी मी सांगितलेली ऑइलची ग्रेड चुकीची आहे, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळण्याचा पाना) न वापरता ड्रेन बोल्ट (ऑइल काढण्याचा इंजिनाखालचा बोल्ट) आवळला तर केसिंगचे, म्हणजे इंजिनाच्या कवचाचे, आटे जातात, घरी ऑइल बदलल्यास वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो, आणि काढलेल्या जुन्या ऑइलचे काय करायचे, याबद्दल लेखात एक अक्षरही नाही. एवढ्यावर ते थांबले असते तर मी आभार मानून लेख दुरुस्त केला असता. परंतु शेवटी त्यांनी लिहिले आहे : “नट-बोल्टचे चार पाने विकत घेतल्याने कोणी मेकॅनिक होत नाही, हा निव्वळ कंजूषपणा आहे, त्याला बेळगावी स्वाभिमानाचा मुलामा देऊ नये.”

महोदय, जे मान्य आहे ते आधी मान्य करतो. स्प्लेंडरला १० डब्ल्यू-३० हेच ऑइल सांगितलेले आहे, आणि मी ‘२० डब्ल्यू-४० सुद्धा चालते’ असे लिहून गेलो, ते चुकले. माझ्या मनात पहिला आकडा होता. त्यातील डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे. १० डब्ल्यू ऑइलची थंडीतील चाचणी उणे २५ अंशांवर होते आणि २० डब्ल्यूची उणे १५ अंशांवर. बेळगावात डिसेंबरच्या पहाटे कितीही हुडहुडी भरली, तरी त्या आकड्यांशी आपला संबंध येत नाही. पण दुसरा आकडा तापलेल्या ऑइलचा, म्हणजे १०० अंशांवरील दाटपणाचा असतो, आणि ३० साठी बांधलेल्या इंजिनात ४० चे ऑइल घालण्याचे काहीही कारण नाही. हे आपण दाखवून दिलेत, त्याबद्दल आभारी आहे. मात्र डब्यावर ‘जासो एमए’ हा मोटारसायकलच्या ऑइलचा शिक्का पाहूनच ऑइल घ्यावे, कारण मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारसाठीचे निसरडे ऑइल घातले तर तो घसरू लागतो, हे मी त्याच परिच्छेदात लिहिले होते. ते वाक्य आपण वाचलेले दिसत नाही.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो.

कंजूषपणाचा हिशेबच मांडायचा असेल तर मांडू. स्प्लेंडरला ऑइल बदलताना ९०० मिलिलिटर लागते. तेवढाच सीलबंद डबा शोरूमच्या काउंटरवर आणि माझ्या नेहमीच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात त्याच छापील किमतीला मिळतो, दुकानदार ओळखीचा असला तर वीस-तीस रुपये सोडतो. वाचते ती मजुरी आणि तिच्यावरील १८ टक्के जीएसटी. आता पुढचा भाग. कंपनीच्या तक्त्याप्रमाणे ऑइल ६,००० किलोमीटरला बदलायचे असते आणि मधे ३,००० ला पाहून कमी असल्यास भर घालायची असते. मी ३,००० ला बदलूनच टाकतो. म्हणजे कंपनी एक डबा सांगते तेथे मी दोन डबे ओततो, आणि मजुरीत वाचलेले पैसे ऑइलवर घालवून वर पदरचे घालतो. कंजूष माणूस असा उफराटा व्यवहार करतो, हे मला तरी ठाऊक नाही. हा हिशेब मूळ लेखात होता. आपल्याला शब्द आधी सुचला असावा आणि लेख नंतर चाळला असावा, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही.

राहिला मेकॅनिकचा प्रश्न. मी मेकॅनिक आहे, असे लेखात मी कोठेही म्हटलेले नाही. उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका वर्कशॉपमध्ये मी सत्तावीस वर्षे लेथवर होतो. हायड्रॉलिकचे पार्ट आणि त्यांवरचे आटे पाडणे हेच माझे रोजचे काम होते, आणि थ्रेड गेज (आटे तपासण्याचे माप) न अडखळता फिरला तरच तो पार्ट पुढे जाई. घरचे सांगायचे तर वडिलांकडे चेतक होती. ती टू-स्ट्रोक असल्यामुळे इंजिनचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून, लिटरला २० मिलि या मापाने, घालावे लागे आणि ते जळून जाई. बदलायचे असे ते फक्त गिअरचे ऑइल. अनगोळच्या घराच्या अंगणात रविवारी स्कूटर आडवी करून वडील ते काम करीत, आणि खाली धरलेली ताटली हलू न देणे एवढीच जबाबदारी माझ्याकडे असे. तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आपण अकरा वर्षांच्या अनुभवाचा दाखला दिलात म्हणून हे लिहिले. नाहीतर अनुभव वर्षांत मोजण्याची मला हौस नाही. शिवाय काउंटरमागे बसून जॉब कार्ड भरण्याची अकरा वर्षे आणि गाडीखाली काढलेली अकरा वर्षे एकाच मापाची नसतात, आणि आपली कोणती, ते प्रतिक्रियेत आलेले नाही. (हे वाक्य लिहायला नको होते; पण लिहिले आहे, राहू दे.)

आटे जाण्याविषयी आपण फार काळजी व्यक्त केली आहे. ड्रेन बोल्ट पोलादी आणि केसिंग ॲल्युमिनियमचे, त्यामुळे जोर जास्त झाला की बोल्टाचे काही बिघडत नाही, केसिंगचे आटे मात्र निघून येतात, हे मला समजावून सांगण्याची गरज नव्हती. माझ्याच हातून ते एकदा झालेले आहे. १९९९ साली माझ्या जुन्या मोटारसायकलचा बोल्ट मी लांब दांड्याच्या पान्याने आवळला, शेवटच्या पाव फेऱ्यात हाताला एकाएकी मऊ लागले, आणि बोल्ट काढला तेव्हा त्याच्या खाचांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली होती. दुसऱ्या दिवशी आमच्या शॉपमधील वयस्क फिटरने ते भोक मोठे करून टॅप मारला, म्हणजे नवे आटे पाडले, त्यात हेलिकॉइल, म्हणजे आट्यांची तारेची गुंडाळी, बसवून दिले आणि म्हणाला, “अरे, बोल्ट आवळायचा नसतोय, बसवायचा असतोय.” तेव्हापासून बोल्ट आधी बोटांनीच शेवटपर्यंत फिरवायचा, वायसर टेकला की रिंग पाना टोकाशी न धरता मध्यावर धरायचा आणि मनगटाने एकदा दाब द्यायचा, अशी माझी पद्धत आहे. पाना मध्यावर धरला म्हणजे हाताचा जोर अर्धाच पोहोचतो. त्यानंतर आजवर एकदाही आटे गेलेले नाहीत. माझ्या त्या चुकीचा आधार घेऊन आपण ‘पाहा, मी म्हणत होतो’ असे लिहाल, याची मला कल्पना आहे. माझे म्हणणे उलट आहे. ज्याच्या हातून एकदा आटे गेले आहेत, त्याच्या हाताला तो शेवटचा पाव फेरा कळतो.

आणि शोरूममध्ये काय घडते, हेही ऐका. काही वर्षांपूर्वी आमची कार मी सर्व्हिसिंगला दिली होती. कोठे, ते सांगत नाही, आणि आपल्या शोरूमशी त्याचा संबंध नाही. लेथवर काम केलेल्या माणसाला हाती आलेल्या वस्तूवर स्क्रायबरने तारीख कोरण्याची खोड असते, त्यामुळे आधीच्या वेळी बसवलेल्या ऑइल फिल्टरच्या डब्यावर मी बारीक अक्षरांत महिना आणि साल कोरून ठेवले होते. गाडी धुऊन-पुसून परत आली, बिलात ऑइल होते, फिल्टर होता, ड्रेन बोल्टाचा नवा वायसरसुद्धा होता. घरी येऊन गाडीखाली शिरलो, बॅटरीचा उजेड टाकला, तर मीच कोरलेली तारीख माझ्याकडे पाहत होती. ऑइल डिपस्टिकच्या (पातळी पाहण्याच्या पट्टीच्या) नळीतून पंपाने ओढून काढले असे कोणी म्हणू शकते, आणि ती पद्धतही आहे. तेव्हा ड्रेन बोल्टाला हात लागलेला नाही एवढ्यावरून मी काही म्हणालो नसतो. पण फिल्टर नळीतून बदलत नाही. मी परत गेलो, तेव्हा ‘चुकून राहिले’ असे उत्तर मिळाले, फिल्टर बदलून मिळाला आणि वर चहाही मिळाला. चुकून राहिले असेल. बिलात मात्र ते चुकून राहिले नव्हते.

माझ्या लेखाचा मुद्दा एवढाच होता, तो पैशाचा नव्हताच. इंजिनात काय गेले आणि इंजिनातून काय बाहेर आले, हे ज्याची गाडी आहे त्याने स्वतः पाहावे. शोरूममध्ये गाडी आत जाते आणि आपण काचेच्या अलीकडे पेपर वाचत बसतो. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये मी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला गेलो होतो, आणि त्या भागातील पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला रस्त्यावर किती पाणी असते ते सांगायला नको. आठवड्याने सहज ऑइलची कॅप उघडली, तर तिच्या आतल्या बाजूला सायीसारखा पांढरट थर आणि डिपस्टिकवर चक्क दुधाळ चहा. आत पाणी गेल्याची ती खूण होती. त्या वेळी ऑइल बदलून जेमतेम १,८०० किलोमीटर झाले होते. आपल्या तक्त्याप्रमाणे पुढची तारीख दूर होती. मी ते त्याच संध्याकाळी काढले, नवे घालून दोनशे किलोमीटर चालवले आणि तेही काढून टाकले. किलोमीटर मोजणाऱ्या वहीला पावसाचे पाणी दिसत नाही. (ही कॅप स्प्लेंडरमध्ये डिपस्टिकलाच जोडलेली असते, आणि पातळी पाहताना ती पिळून घट्ट न करता नुसती टेकवून पाहायची असते, गाडी मधल्या स्टँडवर उभी करून. अनेकजण पिळून पाहतात, त्यात काही शोरूममधील मुलेही आली.)

बेळगावी स्वाभिमानाबद्दल फार लिहीत नाही. लेखात ‘बेळगाव’ हा शब्द मी दोनदा वापरला होता, आणि दोन्ही वेळा तो दुकानाचा पत्ता सांगण्यासाठी होता. स्वाभिमान तुम्ही आणलात. पण आणलाच आहे तर सांगतो की या गावात क्रँकशाफ्टपासून हायड्रॉलिक व्हॉल्व्हपर्यंत सारे काही होते, येथील फाउंड्र्यांतील कास्टिंग वाहन उद्योगाला जाते, आणि तुम्ही ज्या गाड्यांची जॉब कार्डे भरता त्यांतील एखादा भाग आमच्याकडच्या साच्यातून निघालेला असू शकतो. अशा गावात एखाद्याने आपल्या गाडीचा एक बोल्ट स्वतः काढला, तर त्यात मुलामा कसला?

वॉरंटीविषयी : मोफत सर्व्हिसच्या काळात गाडी शोरूमलाच न्यावी, हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात होते. त्याखेरीज, गाडीला बाहेरच्या गॅरेजचा हात लागला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असे भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात म्हटले होते. त्यावर अपिले झाली, आणि ते प्रकरण दुचाकींचे नव्हते, हे तुम्ही सांगण्याआधी मीच सांगतो. माझ्या गाडीची वॉरंटी केव्हाच संपलेली आहे, त्यामुळे हा वाद मला लागू नाही.

जुन्या ऑइलचे विचारलेत. मी ते गटारात ओतत नाही. रिकाम्या डब्यात भरून जिन्याखाली ठेवतो, आणि सेंट्रिंगवाले फळ्यांना लावायला मागतात त्यांना देतो. वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे ते मान्यताप्राप्त पुनर्वापर केंद्राकडे गेले पाहिजे, हा आपला मुद्दा मी वाचला आहे. तो स्वतंत्र विषय आहे, त्यावर पुढे कधीतरी लिहीन.

शोरूममध्ये ऑइलबरोबर चेन, ब्रेक, क्लचची तार हेही पाहिले जाते, असे आपण जाता जाता म्हटले आहे. पाहिले जात असेल. स्प्लेंडरमधील सेंट्रिफ्यूगल फिल्टर (फिरण्याच्या जोराने ऑइलमधील गाळ वेगळा करणारा) आणि जाळी साफ करण्यासाठी क्लचचे कव्हर उघडावे लागते, ते काम मी घरी करत नाही, गॅरेजलाच देतो, आणि मी देत असतो हे लेखात लिहिलेलेही आहे.

मूळ लेखात आज पुढील बदल केले आहेत. २० डब्ल्यू-४० चा उल्लेख काढून १० डब्ल्यू-३० केले आहे. ड्रेन बोल्टाचा वायसर दर वेळी नवा घालावा, हे वाक्य राहून गेले होते, ते घातले आहे. टॉर्क रेंच घ्यावा, असे वाक्य घातलेले नाही.