उभी गाडी, आडवा विमा

रस्त्याच्या कडेला, आखलेल्या रेषेच्या आत, हँडब्रेक ओढून आणि आरसे मिटवून गाडी उभी करणारे आणि तेवढ्यावर निश्चिंत होऊन झोपी जाणारे जे सुजाण वाहनमालक आहेत, त्यांच्या मार्गदर्शनासाठी हे लिहीत आहे. गेल्या महिन्यात एका रात्री आमच्या उभ्या गाडीला कोणी अज्ञात सद्गृहस्थ ठोकर देऊन निघून गेले. त्यानंतरच्या एकोणीस दिवसांत मला जे ज्ञान प्राप्त झाले, ते स्वतःपुरते ठेवणे हा निव्वळ स्वार्थ ठरेल.

सकाळी गाडीची अवस्था पाहिल्यावर लगेच वायपरखाली शोधाशोध करू नये. ठोकणाऱ्याने आपले नाव, फोन नंबर आणि दोन ओळींची दिलगिरी लिहून ठेवली असेल, ही आशा प्रकृतीला चांगली नसते. मला वायपरखाली खरोखरच एक कागद सापडला. जुन्या गाड्या आहेत त्या स्थितीत विकत घेणाऱ्याची ती जाहिरात होती.

पुरावे मात्र निष्ठेने गोळा करावेत. मागचा बंपर डाव्या बाजूने निखळून लोंबत होता, मागच्या दारावर हातभर लांबीचा पोचा होता, त्याच्या कडेने पांढऱ्या रंगाचा पट्टा उमटला होता, आणि खाली इंडिकेटरच्या आवरणाचा एक नारिंगी तुकडा पडला होता, जो आमच्या गाडीचा नव्हता. असा तुकडा सर्व बाजूंनी फोटो काढून रुमालात बांधून ठेवावा. पुढे तो कोणीही पाहायला मागणार नाही, परंतु आपण काहीतरी केले हे समाधानही माणसाला लागतेच.

समोरच्या इमारतीचा जो कॅमेरा आपल्या गाडीवर लक्ष ठेवून आहे असे आपण समजत असतो, तो कुंड्यांवर लक्ष ठेवून असतो.

यानंतर पोलिसांकडे जावे की विमा कंपनीकडे, असा प्रश्न पडेल. दोन्हीकडे जावे आणि आळीपाळीने जात राहावे. हेल्पलाइनवरची व्यक्ती अत्यंत गोड आवाजात सांगते की पोलिसांच्या नोंदीशिवाय क्लेम पुढे सरकणार नाही. चौकीवर विचारतात की गाडीचा नंबर नाही, माणूस नाही, साक्षीदार नाही, तर तक्रार लिहायची कोणाविरुद्ध? माझ्याशी झालेला संवाद तर मी पाठच केला आहे.

“कोणाला लागलं का?”

“नाही. गाडीत कोणीच नव्हतं.”

“मग प्रश्नच मिटला की साहेब.”

फोनवर ताटकळत ठेवल्यावर जी धून ऐकवतात, तिच्यावर शब्द बसवावेत. कडवी भरपूर होतात.

आता क्लेमच्या फॉर्मकडे वळू. हा फॉर्म भरताना आपण निर्दोष आहोत हा समज प्रथम बाजूला ठेवावा, कारण त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही. ‘अपघातसमयी वाहन कोण चालवीत होते?’ या प्रश्नापुढे मी सरळपणे ‘कोणीही नाही’ असे लिहिले. फॉर्म पुढे सरकेना. चालकाचे नाव अनिवार्य, त्याच्या लायसन्सचा क्रमांक अनिवार्य, वेग अनिवार्य, आणि ‘अपघात टाळण्यासाठी आपण कोणते प्रयत्न केलेत?’ या प्रश्नाचे किमान पन्नास अक्षरांत उत्तर अनिवार्य. मी तीन मजले वर, पांघरुणात होतो. अपघात टाळण्यासाठी मी कूस बदलली असेल, त्यापलीकडे मला काही आठवत नाही. हेल्पलाइनला विचारले, तेव्हा सल्ला मिळाला की चालक म्हणून मालकाचेच नाव टाका आणि वेग शून्य लिहा. मी तसे केले. म्हणजे आता विमा कंपनीच्या दप्तरात, त्या रात्री पहाटे कधीतरी, मी माझ्या गाडीत बसून ताशी शून्य किलोमीटर वेगाने अपघातग्रस्त झालो, अशी माझ्याच सहीनिशी नोंद आहे. उद्या याच नोंदीवर बोट ठेवून ‘खोटी माहिती दिली’ म्हणून क्लेम नाकारता येईल, हे मला फॉर्म पाठवल्यावर सुचले आणि त्या रात्री मला खरोखरच झोप आली नाही. ज्या व्यवहारात खरे बोलायला जागाच ठेवलेली नाही, त्या व्यवहारात ग्राहकाच्या प्रामाणिकपणाची एवढी चौकशी कशासाठी करता, हे कोणीतरी सांगावे.

नुकसान तपासणारे सर्व्हेअर येतील तेव्हा गाडी धुऊ नये, हात लावू नये, आणि शक्य तर काही बोलू नये. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनी बंपर पाहिला, दार पाहिले, पुन्हा बंपर पाहिला आणि निर्णय दिला की ही दोन वेगळी नुकसाने आहेत, सबब दोन क्लेम. दोन क्लेम म्हणजे खिशातून भरायची सक्तीची रक्कमही दोनदा. मी पांढरा पट्टा दाखवला, जो दारापासून सुरू होऊन सलगपणे बंपरपर्यंत गेला होता. त्यांनी तो अंगठ्याने घासून पाहिला आणि म्हणाले, “रंग तर पांढऱ्या गाड्यांचा सगळ्यांचाच सारखा असतो.”

ज्यांनी केवळ थर्ड पार्टी विमा, म्हणजे फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, घेतला आहे, त्यांनी यातले काहीही करू नये. त्यांना काही मिळणार नाही, मात्र सुट्ट्या वाचतील.

उरलेल्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. माझ्या पॉलिसीप्रमाणे बंपर प्लास्टिकचा, म्हणून त्याच्या किमतीतून 50 टक्के घसारा कापला जातो, मग तो बंपर पाच वर्षांचा असो वा पाच आठवड्यांचा. पत्र्याचे निदान वय तरी विचारतात. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारे जादा कवच, घेतले असते तर हे वाचले असते, असे आता प्रत्येक जण सांगतो. घशातून उतरत नाही तो पुढचा घास. सलग पाच वर्षे एकही क्लेम न केल्यामुळे मला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर 50 टक्के बोनस, म्हणजे सूट, मिळत होती. एक क्लेम केला की तो शून्य. पुढच्या वर्षी हप्त्याचा तेवढा भाग दुप्पट, आणि बोनसची शिडी पुन्हा 20 टक्क्यांपासून चढायची. मी विमा कंपनीतल्या तरुणाला विचारले, “पण यात माझी चूक काय?” तो म्हणाला, “सर, हा ‘नो क्लेम’ बोनस आहे, ‘नो फॉल्ट’ नाही.” एकोणीस दिवसांत ऐकलेले हे एकमेव स्पष्ट वाक्य होते. चूक कोणाची हे तुम्हाला विचारायचेच नसते, तर मग पाच वर्षे ‘जबाबदार चालकाला बक्षीस’ अशा अक्षरांत मला ईमेल कशाला पाठवत होतात? जबाबदारीचे बक्षीस नव्हते ते, तोंड बंद ठेवण्याचे होते. मी हिशेब केला, क्लेम मागे घेतला आणि दुरुस्तीचे पैसे पदरचे भरले. या सगळ्याचा शेवट हाच व्हावा अशीच जर रचना असेल, तर ती उत्तम चालली आहे, याबद्दल त्यांचे अभिनंदन.

पण कंपनीला किती बोलणार? गाडी कंपनीने ठोकली नाही. ती तू ठोकलीस. एवढा मोठा आवाज झाला असणार की तळमजल्यावरचे कुत्रे भुंकले, हे शेजाऱ्यांनी मला सांगितले. तेव्हा ‘कळलंच नाही’ हे नको. तुला कळले होते. तू थांबलास, मागे घेतलीस, कारण बंपर मागे घेतानाच उचकटला आहे, आणि मग गेलास. एक कागद आणि एक फोन नंबर, एवढेच करायचे होते. दुसऱ्याचे नुकसान भरून देण्यासाठीच तुझ्याही गाडीचा थर्ड पार्टी विमा असतो, त्याचे पैसे तू दरवर्षी भरतोस. शरम वाटत होती तर चिठ्ठी टाकून पळायचे होते. पाच वर्षे मी कोणाच्या गाडीला बोट लावले नाही, आणि भुर्दंड मी भरला आहे, तुझा.

तो नारिंगी तुकडा अजून माझ्या कपाटात आहे. म्हणजे तुझ्या गाडीचा एक इंडिकेटर फुटलेला आहे आणि क्लेम तर तूही केलेला नसणार. वळताना निदान हात तरी बाहेर काढत जा.