त्रिकोणातला x काढून टाकू नका हो, तो फॉरवर्ड अर्धवट आहे

आमच्या सोलापुरात पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय, की त्रिकोणाचे कोन काढायला समीकरण लागतच नाही, x समोरचे आकडे मिळवा आणि 180 ला भागा, नाहीतर सरळ कोनमापक लावा, तसंही पुढं आयुष्यात कुठं लागतंय. मी अशोक चौकाजवळ घरीच आठवी-नववीची पोरं शिकवते, म्हणून लिहितेय.

पहिलं, ती भागायची ट्रिक. कोन x, 2x, 3x असतील तर चालते, त्रिकोणाचे तिन्ही कोन मिळून 180 भरतात, म्हणून 180 भागिले 6 म्हणजे 30, कोन 30, 60, 90, एकदम बरोबर. पण कोन (2x + 10), (3x − 5), (x + 25) असे असले की? परवा एका पोरीनं हेच केलं, इथंपण x सहाच, म्हणून x = 30 धरला, कोन आले 70, 85, 55 आणि बेरीज 210! बिचारीनं तीनदा खोडलं, कागद फाटायला आला, तिला वाटत होतं बेरीजच चुकतेय. मी म्हटलं, 30 जास्त कुठून आले बघ, तर 10, वजा 5 आणि 25, हे सुट्टे आकडे तिनं धरलेच नव्हते. 6x + 30 = 180 मांडलं, 6x = 150, x = 25, कोन 60, 70, 50. मिळवून बघा, 180 भरतात. आणि x = 25 आलं की पोरं तिथंच थांबतात, तसं करू देऊ नका, प्रश्नात कोन विचारलाय, x परत घालायचा.

कोनमापकाचं म्हणाल तर पेपरातली आकृती कच्ची असते, 50 चा कोन 60 सारखा काढलेला असू शकतो, मोजून काय मिळणार?

राहिलं आयुष्यात लागत नाही ते. अक्कलकोट रोडला पत्र्याचे शेड करणारे फॅब्रिकेशनवाले बघा की, कैचीच्या, म्हणजे पत्र्याखालच्या त्रिकोणी सांगाड्याच्या, दोन्ही तिरक्या बाजू सेम, म्हणून खालचे दोन्ही कोन पण सेम, वरचा कोन 140 ठेवायचा, तर खालचे किती? 180 मधून 140 गेले, उरले 40, अर्धे-अर्धे 20. आपण कागदावर हेच x + x + 140 = 180 असं मांडतो, त्यांनी फक्त x म्हटलं नाही एवढंच.