कंस काढायचे पैसे

“घालायचे पैसे घे की भावा, खरं काढायचे कसले पैसे?”

काल संध्याकाळी चप्पल लाइनीतल्या एका दुकानात, भरल्या गिऱ्हाइकांसमोर, मला हे ऐकवण्यात आलं. त्यावर काय बोलायला पाहिजे होतं ते रात्री अंथरुणात सुचलं, आणि एकापेक्षा एक झणझणीत सुचलं. पण रात्री दीडला कुणाचं शटर वाजवून उत्तर देता येत नाही, म्हणून इथं लिहितोय.

मी वेबसाइटी करतो. त्यातही जास्त करून दुसऱ्यांनी केलेल्या निस्तरतो. कोल्हापुरात या धंद्याला तोटा नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाची पोरं कोल्हापुरीसारख्या चपला घालून चालली, त्यावर गदारोळ झाला, आणि ज्या दुकानदारांना ‘ऑनलाइन’ म्हटलं की जांभई यायची त्यांनाही एकदम साइट पाहिजे झाली. या मालकांनाही झाली. ती केली त्यांच्या भाच्यानं. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, फुकट आहे आणि घरचा आहे. एवढ्या गुणांपुढं माझं काय चालणार?

मालक मला फोनवर ‘सर’ म्हणतात. दुकानात पाय ठेवला की ‘दादा’. काम झालं की ‘भावा’. आणि बिल पुढं केलं की ‘आरं बाळा’.

तक्रार साधी होती. साइट उघडून पाच सेकंद झाले की ‘पहिल्या खरेदीवर सूट’ अशी पाटी यायला पाहिजे. ती पान धड दिसायच्या आतच तोंडावर यायची. कोड उघडला. सेटटाइमआउट, म्हणजे टायमर लावायचा हुकूम, पुढं कंसात ‘पाटीदाखवा’, त्याला लागून परत एक उघडा कंस, एक बंद कंस, मग स्वल्पविराम आणि पाच हजार. ज्यांना यातलं कळतं त्यांनी इथंच कपाळाला हात लावला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. जावास्क्रिप्ट म्हणजे साइटला हलवणारी भाषा, आणि फंक्शन म्हणजे नाव देऊन ठेवलेलं काम. त्या नावापुढं कंस लावले की ते काम तिथल्या तिथं उरकतं. टायमरला द्यायचं असतं ते नुसतं नाव, वेळ झाली की हाक कुणाला मारायची तेवढं. भाच्यानं काम आधीच उरकून टाकलं आणि त्यातून जे हाताला लागलं, म्हणजे काहीच नाही, ते टायमरला दिलं. टायमर इमानदारीत पाच सेकंद मोजतो आणि गप बसतो. लाल अक्षरं नाहीत, तक्रार नाही, काही नाही. या भाषेची मला सगळ्यात जास्त चीड येते ती याच्याचसाठी. चूक झाल्यावर बोंब मारणारी भाषा परवडली, ही नुसती मान डोलावते.

दोन कंस पुसले. पाटी वेळेवर आली.

मग सापडला दिवाळीचा सेल. त्यासाठी भाच्यानं चाळीस दिवसांचा टायमर लावला होता. चाळीस दिवस गिऱ्हाइकानं पान उघडं ठेवून वाट बघत बसायचं, हा त्याचा हिशेब! बरं, टायमरला मिलिसेकंदात जास्तीत जास्त पेलणारा आकडा आहे २१४७४८३६४७. म्हणजे पंचवीस दिवसांनाही जरा कमीच. त्याच्यावर गेलं की आकडा उलटतो, आणि चाळीस दिवसांनी व्हायचं काम आत्ताच होतं. दिवाळीच्या आधीचे चाळीस दिवस म्हणजे काय ते पंचांग बघणाऱ्यांना सांगायला नको. भर पितृपक्षात साइटवर आकाशकंदील लागले आणि रॉकेट उडायला लागली. मालकांच्या आईंनी त्या दिवशी भाच्याला घरात घेतलं नाही म्हणे. सगळ्या प्रकरणात त्याला झालेली शिक्षा एवढीच.

पण खरा घोळ मापांचा होता. साइटवर सहा ते दहा नंबरांची बटणं. कुठलंही दाबा, ऑर्डर जायची अकरा नंबरची. बटणं जोडायला भाच्यानं लूप फिरवला होता, म्हणजे आकडा एकेकानं वाढवत तेच काम परत परत. त्या आकड्याचं नाव ‘आय’, आणि तो ठेवला होता ‘व्हॅर’ हा शब्द वापरून. व्हॅरचा ‘आय’ सगळ्या बटणांना मिळून एकच. तो सहापासून निघाला, दहा ओलांडून अकरावर जाऊन थांबला. पुढं कधीतरी कुणीतरी बटण दाबतं, बटण आयकडं बघतं, आय अकरावर बसलेला. २०१५ पासून व्हॅरच्या जागी वापरायला ‘लेट’ हा शब्द आहे. तो वापरला की प्रत्येक फेरीला ज्याचा त्याचा आय मिळतो. एका शब्दाचं काम. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि काय होऊन गेलं होतं ते दुकानात गेल्यावरच कळलं.

दुकानात आण्णा होते. आण्णा मालकांचे नात्यानं कोण लागतात ते मला अजून कळलेलं नाही. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, दुपारी येतात, गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसतात, आणि आत येणाऱ्या माणसाच्या तोंडाकडं न बघता पायाकडं बघतात. माझ्याही पायाकडं बघितलं.

“आठ,” म्हणाले.

बरोबर होतं. मला उगाच राग आला.

मालकांनी मागच्या फळीवरून एक जोड काढून काउंटरवर ठेवला. लेडीज. बारीक वेणी, गोंडा, जरीचा पट्टा, सगळं कसं नाजूक, आणि नंबर अकरा. मी बघतच राहिलो.

“पुण्याच्या ऑर्डरी,” मालक म्हणाले. “नऊ जोड. कारागीर म्हणत हुता, मालक, माप चुकलंय. मी म्हटलं, कम्प्युटरमधनं आलंय, चुकंल कसं?”

“मीच म्हटलं, करा म्हणून,” आण्णा म्हणाले. “पुण्याच्या बायका सकाळी टेकडीला लई चालत्यात. पाय पसरत असतील.”

“आण्णा, सगळ्यांचेच अकरा?”

“तिथलं पाणी.”

“पाण्यानं पाय वाढत नसतात ओ.”

“पाटबंधाऱ्यात तू हुतास का मी?”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. तरी मी खुर्ची ओढली आणि लूपची भानगड पहिल्यापासून समजावून सांगितली. कशाला सांगितली कोण जाणे. बहुतेक त्या नऊ अनोळखी बायकांच्या अब्रूचा प्रश्न होता म्हणून. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा चहावाल्या पोराला कप कुठं ठेवायचा ते दाखवलं, एका गिऱ्हाइकाला “नऊ” म्हणाले, आणि परत माझ्याकडं वळले.

“म्हणजे बटण दाबायच्या आदीच आकडा फुडं गेलता.”

“हो.”

“आणि बटणाजवळ सोताचा आकडा न्हाई.”

“नाही.”

“मग त्याला जन्माला घातला तवाच आकडा हातात द्यायला नको? आणि त्या पाटीचं काय झालतं?”

मी पाटीचंही सांगितलं. कंस, टायमर, नुसतं नाव, सगळं. आण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला.

“राधानगरीचं धरण बघितलंस का?”

कोल्हापूरच्या माणसाला हा प्रश्न म्हणजे अपमानच. पण मी हो म्हटलं.

“शाहू महाराजांनी काम सुरू केलेलं. सात दरवाजं हायत, सोयंचलित. पाणी पातळीला आलं की आपलं आपण उघडत्यात. रात्री दोनला उघडत्यात. सायबाला उठवत न्हाईत, बटण न्हाई, काय न्हाई. का? तर त्यांस्नी आदीच ठरवून दिल्यालं असतंय, कवा उघडायचं ते. ‘आत्ता उघड’ असं कोण सांगतंय का? ह्यो तुमचा भाचा ‘आत्ता उघड’ म्हणून मोकळा झाला. मग काय हुतंय? ४३ फूट.”

बाहेरगावच्यांसाठी: ४३ फूट ही राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. पावसाळ्यात आमच्याकडं कुणी कुणाला तब्येत विचारत नाही, “किती फुटाला आलंय?” एवढंच विचारतात.

मी गप्प झालो. वेळ आली की करायचं काम आधीच सोपवून ठेवायचं, याला आमच्यात कॉलबॅक म्हणतात. ते इतकं सरळ मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. माझ्याकडं कामाला येणारी पदवीधर पोरं कॉलबॅकची व्याख्या इंग्रजीतून, श्वास न घेता म्हणून दाखवतात. मग मी कागदावर तीन ओळी लिहून देतो: पहिली ‘एक’ छापते, दुसरी शून्य सेकंदांच्या टायमरनं ‘दोन’ छापते, तिसरी ‘तीन’ छापते. क्रम सांग. छातीठोकपणे सांगतात, एक, दोन, तीन. अरे बाबा, जावास्क्रिप्टला हात एकच! टायमर शून्याचा असला तरी हातातलं काम पुरं होईपर्यंत त्यानं रांगेत थांबायचं. एक, तीन, दोन. त्यावर पोरं म्हणतात, सर, हे परीक्षेला नव्हतं. आणि इथं स्टुलावर बसलेला एक माणूस, ज्याचा मोबाइल अजून बटणांचा आहे, तो मला इव्हेंट, म्हणजे काही घडलं की काम कसं सुरू होतं ते, शिकवतोय. मला कौतुक वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही.

बाजू सावरायला म्हणून मी भाषेचाच इतिहास काढला. म्हटलं, आण्णा, ही भाषाच घाईत झालेली आहे. मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक नावाच्या माणसानं पहिली आवृत्ती दहा दिवसांत केली. नाव आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि डिसेंबरात जावास्क्रिप्ट. जावा तेव्हा चलतीत होती, म्हणून तिचं नाव लावलं.

“धा दिवसात?” आण्णांनी मालकांकडं बघितलं. “धा दिवसात कातडं बी नीट कमावून हुईत न्हाई.”

आणि सगळं दुकान, अंगठा तुटलेली चप्पल शिवायला आलेल्या बाईंसकट, माझ्याकडं बघायला लागलं. ती भाषा मीच घाईघाईत उरकली असावी, असा सगळ्यांचा समज झालेला दिसला.

तेवढ्यात मालकांनी भाच्याला फोन लावला, स्पीकरवर. एक गोष्ट मला अजून विचारायची होती. चपलेचा फोटो मोठा करून बघायची सोय काही फोनवर चालायची, काही फोनवर नाही. कारण मला दिसत होतं: स्क्रिप्ट पानाच्या डोक्यावर ठेवलेली. ती फोटो शोधायला निघायची तेव्हा फोटो पानावर आलेलाच नसायचा. मग हाताला ‘नल’, म्हणजे काहीच नाही. भाच्यानं त्यावर काढलेला तोडगा असा, की तीन सेकंदांचा टायमर लावायचा, तोवर पान येतंय. दुकानात वायफायवर येतंय. गगनबावड्याच्या घाटात एका काडीच्या रेंजवर कुठलं येतंय? पान वाचून झालं की ब्राउझर आपणहून कळवतो, डीओएमकंटेंटलोडेड नावाची घटनाच आहे त्यासाठी. तिच्यावर काम सोपवायचं आणि निवांत बसायचं.

“माझ्या लॅपटॉपवर चालालंय की,” भाचा म्हणाला.

मागं कुणीतरी “आऊट, आऊट” म्हणून ओरडत होतं. फोन बंद झाला.

“पोरगं हुशार हाय,” मालक म्हणाले.

आता बिल. मालक म्हणाले, काय काय बदललं ते एकदा डोळ्याखालनं घालू दे. मी जुना कोड आणि नवा कोड शेजारी शेजारी लावून दाखवला. त्यात काढलेल्या ओळी लाल दिसतात, घातलेल्या हिरव्या. आण्णा स्टूल सरकवून पुढं आले. पडद्यावर बोट टेकवत, ओळ न् ओळ खालपर्यंत गेले.

“लालच जास्त हाय की रं.”

“हो, कारण नको ते टायमर काढले. कंस काढले. एकाच बटणाला दर क्लिकला नवा लिसनर, म्हणजे दाबल्यावर काम करणारा कोड, चिकटत होता, तो काढला, नाहीतर एका माणसाच्या चार ऑर्डरी पडल्या असत्या...”

“म्हणजे ऑर्डरी पण काढल्यास?” मालक म्हणाले.

आणि मग ते वाक्य आलं. घालायचे पैसे घे, काढायचे कसले?

“माल कमी झाला,” आण्णांनी पुस्ती जोडली. “काट्यावर ठिवला तर पयल्यापेक्षा हलका भरंल. आणि गेटाचं तर मीच सांगितलं.”

लोक हसले. मीही हसलो, हसायचं असतं. पण खरं सांगू का, हे हसण्यावारी न्यायचं तरी किती? डॉक्टर खडा काढतो तेव्हा कुणी त्याला म्हणत नाही की आत काय घातलंस ते दाखव. साइट फुकटात बिघडवणारा हुशार, आणि ती दुरुस्त करायला बस्स दोन कंस लागले म्हणून मी लुटारू. ते दोन कंस कुठले, हे शोधण्यात माझा आख्खा रविवार गेला, घरात बोलणी खाल्ली. त्याची ओळ ना लाल दिसते ना हिरवी. माझं सोडा. निघताना चहावाल्या पोरानं सांगितलं, त्या नऊ जोडांची मजुरी कारागिराला निम्मीच दिली. माप चुकलंय असं सांगणारा सगळ्या दुकानात तो एकटाच होता.

बिल निम्म्यावर आलं. “आरं बाळा, राहिलेलं बघू की, कुठं पळून चाललोय?” म्हणत मालकांनी काउंटरवरचा तो जोड माझ्यापुढं सरकवला.

“ह्यो घेऊन जा. वहिनीस्नी दे.”

“अकरा नंबर?”

“बघ की घालून,” आण्णा म्हणाले. “पंचगंगेचं पाणी काय पुण्यापेक्षा कमी हाय का?”

पिशवीचे पाच रुपये वेगळे लागले.