वजन घटवण्याचा संकल्प चिरंजीव कसा ठेवावा

वजन कमी करणे वेगळे आणि वजन कमी करत असणे वेगळे, हे ध्यानात न घेतल्यामुळे अनेक उत्साही मंडळींचे नुकसान होते. ती काही महिन्यांत खरोखरच बारीक होतात आणि मग त्यांच्यापाशी बोलायला विषयच उरत नाही. आपल्यावर ही वेळ येऊ नये, संकल्प वर्षानुवर्षे ताजा राहावा आणि वजनकाट्याने मात्र जागचे हलू नये, अशी आपली इच्छा असेल, तर आहार आणि व्यायाम यांचा समतोल साधण्याची एक सिद्ध पद्धत उपलब्ध आहे.

या पद्धतीचा पाया म्हणजे हिशेब. व्यायाम सढळ हाताने मोजावा आणि खाणे मोजताना हात आखडता घ्यावा. 70 किलो वजनाचा माणूस एक किलोमीटर धावला, तर साधारण 70 किलोकॅलरी खर्च होतात, आणि तेवढेच अंतर चालला, तर त्याहूनही कमी. उलट एका मोठ्या चमच्यात मावणाऱ्या तेलात सुमारे 120 किलोकॅलरी असतात. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले, की भांड्यात सहज जास्त पडलेला चमचाभर तेलाचा थेंब फेडायला दोन किलोमीटरांहून अधिक चालावे लागेल, असे अप्रिय उत्तर निघते. म्हणून ते शेजारी मांडूच नयेत. व्यायाम मिनिटांत मोजावा, घामात मोजावा, दुसऱ्या दिवशी दुखणाऱ्या पोटऱ्यांत मोजावा. खाण्याला मात्र ‘थोडेसे’, ‘घासभर’ आणि ‘चवीपुरते’ यांखेरीज दुसरे माप लावू नये.

या कामी मनगटावरचे घड्याळ मोठे उपकारक ठरते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 साली अशी सात उपकरणे तपासली, तेव्हा हृदयाचे ठोके मोजण्यात त्यांतली बहुतेक चांगली निघाली; पण खर्च झालेल्या ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत अचूक उपकरणाचा अंदाजही सरासरी 27 टक्क्यांनी चुकत होता. चूक दोन्ही बाजूंना होऊ शकते, हे खरे. परंतु आपल्या पदरात जास्त माप टाकणारे घड्याळच प्रामाणिक समजावे. व्यायामशाळेतल्या फिरत्या पट्ट्यावर (ट्रेडमिलवर) चालताना समोरचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून शरीराचा भार त्याच्यावर सोपवावा, म्हणजे श्रम कमी होतात, आणि पडद्यावरचा आकडा तर वेग व चढ पाहूनच पुढे सरकत असल्याने त्याला या सोयीचा पत्ताही लागत नाही. रोजच्या दहा हजार पावलांवरही श्रद्धा असू द्यावी. हा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावामुळे रूढ झाला, ही माहिती श्रद्धेला मारक असल्याने वाचून विसरून जावी.

आता खाण्याकडे वळू. कोणते खाणे हिशेबात धरायचे नाही, हे एकदा ठरले, की बाकीचे पथ्य अगदी काटेकोरपणे पाळता येते. उभ्याने खाल्लेले धरू नये. दुसऱ्याच्या ताटातले धरू नये, कारण ते त्याचे असते. मुलांनी टाकलेले तर अन्नाची नासाडी टाळण्याच्या सत्कार्यात जमा होते. पिण्याच्या पदार्थांना चावावे लागत नाही, तेव्हा त्यांतली साखर मोजण्याचा प्रश्नच येत नाही. सर्वांत नाजूक प्रकरण उरलेल्या केकचे. रात्री फ्रिज उघडल्यावर केकची कापलेली कड किंचित तिरकी दिसते. ती सरळ करण्यासाठी सुरीने एक पातळ पापुद्रा काढावा. आता दुसरे टोक वर आलेले दिसेल, तेही समपातळीत आणावे. मग सुरीला लागलेले क्रीम बोटाने निपटावे आणि खोक्याचे झाकण आवाज न करता लावावे. हे सारे नीटनेटकेपणात मोडते, खाण्यात नव्हे. (केक चौकोनी असेल, तर या कामाला चार बाजू मिळतात.)

व्यायामानंतरचे बक्षीस हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. अर्ध्या तासाचे चालणे आटोपल्यावर आपण काही तरी कमावले आहे, अशी भावना मनात दाटते, आणि ती दाटलेली असतानाच खायला बसावे. आवळा देऊन कोहळा काढण्याची याहून सोपी संधी दिवसभरात पुन्हा येत नाही. व्यायामाआधी ताकदीसाठी आणि नंतर झीज भरून काढण्यासाठी खाल्ले, तर मधल्या अर्ध्या तासाचा दोन्हीकडून नीट बंदोबस्त होतो. त्यानंतर उरलेला दिवस हालचाल बेताचीच ठेवावी. जिना टाळावा, पाण्याचा पेला कोणाकडून तरी मागवावा, फोनवर बोलताना येरझारा घालण्याची सवय असल्यास ती मोडावी. दिवसभरातल्या असल्या फुटकळ हालचालींची बेरीज कित्येकदा ठरवून केलेल्या व्यायामाहून मोठी भरते, आणि तिला मोकळे सोडले, तर ती आपला संकल्प कधी पूर्ण करून टाकील, याचा नेम नाही.

शास्त्राचा आधार अवश्य घ्यावा, पण अर्धाच. टांझानियातील हाड्झा हे शिकारी आणि कंदमुळे गोळा करणारे लोक दिवसभर पायपीट करतात, तरीही शरीराच्या आकारमानाचा फरक जमेस धरता त्यांचा रोजचा एकूण ऊर्जाखर्च बैठे काम करणाऱ्या पाश्चात्त्यांइतकाच भरतो, असे 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. व्यायामाचा कंटाळा आला, की हा दाखला द्यावा. त्याच दाखल्यावरून मग सारी भिस्त खाण्यावर येते, हा निष्कर्ष कोणी काढू लागल्यास विषय बदलावा. अमेरिकेत 1994 साली सुरू झालेल्या एका राष्ट्रीय नोंदवहीत किमान 13.6 किलो वजन घटवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या माणसांची माहिती गोळा केली जाते. त्यांतले बहुसंख्य लोक रोज सरासरी तासभर व्यायामही करतात आणि खाण्यावर नजरही ठेवतात. अशा एककल्ली माणसांच्या नादी लागू नये.

वजन कधी करावे, यालाही मुहूर्त असतो. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे साखरेच्या राखीव साठ्याबरोबर, सुमारे तीन ग्रॅम पाणी असते, त्यामुळे दोन-चार दिवस खाणे एकदम तोडले, की हा साठा आटतो आणि काटा भराभर उतरतो. हीच चरबी घटली, असे जाहीर करून टाकावे. एक किलो चरबीत अंदाजे 7700 किलोकॅलरी असतात आणि ती चार दिवसांच्या उपासाने जळत नाही, असे म्हणणाऱ्यांचा स्वभावच नकारात्मक असतो. खाणे पूर्ववत झाल्यावर काटा पुन्हा चढेल. त्याला पाणी म्हणावे. उतरते ती चरबी आणि चढते ते पाणी, हा नियम एकदा अंगवळणी पडला, की कोणताही आकडा मनाला लागत नाही. अशा उपासांत चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि ते टिकवायचे, तर पुरेशी प्रथिने खाऊन वजने उचलावी लागतात. पण हा भेद साध्या काट्याला कळत नाही, मग आपण तरी का करावा?

एवढे करूनही एक धोका उरतो. 1992 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला 1200 किलोकॅलरींहून कमी खाऊनही वजन उतरत नाही, अशी तक्रार असलेल्या काही जणांना त्यात निरुपद्रवी खुणेचे अणू असलेले पाणी पाजले गेले. हे अणू शरीराबाहेर किती वेगाने पडतात, त्यावरून प्रत्यक्ष खर्च झालेली ऊर्जा मोजता येते. त्यांचा चयापचय सर्वसाधारणच निघाला. मात्र त्यांनी आपले खाणे सरासरी 47 टक्क्यांनी कमी आणि हालचाल 51 टक्क्यांनी जास्त सांगितली होती. तेव्हा आपली वही डॉक्टरांना खुशाल दाखवावी, घड्याळही दाखवावे, चयापचय मंद असल्याची शंकाही बोलून दाखवावी. पण समोरच्याने हसतमुखाने पाण्याचा पेला पुढे केला, तर तहान नाही म्हणून सांगावे.