लेबल वाचा म्हणणाऱ्यांनो, आधी ते वाचता येईल असं छापायला लावा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. मॉलमध्ये उभी राहून एक बाई नाश्त्याची एकेक पाकिटं उलटी करून दाखवते आणि शेवटी म्हणते, "आजकालच्या आयांना मोबाइल बघायला वेळ आहे, लेबल वाचायला नाही." खाली अंगठेच अंगठे. एका काकांनी लिहिलं, "शंभर टक्के खरं, मुलांची तब्येत आईच्या हातात असते." मी ऑफिसला निघायच्या घाईत होते, तिथे काही लिहिलं नाही. पण दिवसभर ते डोक्यातून जाईना. आता पोरं झोपलीत, म्हणून इथे लिहितेय. लांब होणार आहे.

लेबल वाचावं की नाही, हा वादच नाही. मी वाचते, तुम्हीही वाचत असाल. माझ्या फ्रेंडलिस्टमधले बहुतेक जण मुलांच्या डब्याबद्दल जागरूक आहेत, हे मला सांगायला नको. राग आलाय तो वेगळ्याच गोष्टीचा. पाकीट बनवणारा मोकळा, त्याला परवानगी देणारा मोकळा, जाहिरातीत नाचणारा मोकळा, आणि दोषी कोण, तर सकाळी सातला डबा भरणारी बाई!

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी वेल्ह्याकडच्या. सातवीपर्यंत शिकलेल्या, मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, अगदी निविदांच्या जाहिरातीसुद्धा. त्यांची मुलगी नववीत आहे. मध्यंतरी तिचं हिमोग्लोबिन कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, सकस खायला द्या. मावशी थेट दुकानात गेल्या आणि दुधात घालायच्या पावडरीचा मोठा पुडा घेऊन आल्या. पुढे उंच उडी मारणारा मुलगा, ढाली, बाण, ताकद, वाढ, मेंदू. त्यांच्या एका घरच्या कामाच्या पगारातला चांगला हिस्सा त्यात गेला. दुसऱ्या दिवशी तो पुडा पिशवीत घालून माझ्याकडे आणला आणि म्हणाल्या, "ताई, ह्याच्यात रक्त वाढायचं काय काय हाय ते वाचून सांगा बरं. मला इंग्रजी येत न्हाई."

मी वाचायला घेतलं. धान्याचा अर्क. लगेच साखर. मग दुधाची भुकटी, कोको, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भुकटी), लिक्विड ग्लुकोज, रंगासाठी आयएनएस (खाण्यात घालायच्या रंग-रसायनांचा ठरलेला क्रमांक) आणि पुढे एक आकडा. शेवटी कुठेतरी जीवनसत्त्वं आणि लोह. मागचा तक्ता बघितला तर जवळजवळ एक तृतीयांश पुडा साखरेचाच. म्हणजे रोज दोन वेळा वीस-वीस ग्रॅम पावडर घातली, तर साधारण तीन चमचे साखर त्यातूनच पोटात गेली. शिवाय मावशी वरून घरची साखर घालत होत्या, कारण पोरीला गोड दूध आवडतं.

लोह त्यात घातलेलं असतं, ते खोटं नाही. मान्य. पण दुधातल्या कॅल्शियममुळे लोह अंगी लागायला अडथळा येतो, हे त्या पुड्यावर कोण छापणार?

आता त्या व्हिडिओतल्या बाईंनी मला सांगावं, मावशींनी नेमकं काय चुकवलं? पगारातले पैसे घालून मुलीसाठी सगळ्यात महागाची वस्तू आणली. मोबाइल बघत बसल्या नव्हत्या. लेबल वाचायलाच तर त्या माझ्याकडे आल्या होत्या!

आपल्याकडचे लेबलचे नियम २०२० सालचे आहेत, एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे. त्यात घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यायची असते. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. ही एक गोष्ट कळली की निम्मं काम झालं. पण भाषा? इंग्रजी किंवा हिंदी, यांपैकी एकीत दिलं की नियम पाळला गेला. मराठी ऐच्छिक. ज्या राज्यात दुकानाची पाटी मराठीत हवी म्हणून आपण रस्त्यावर उतरतो, त्या राज्यातल्या आईला पोराच्या पोटात काय चाललंय ते मराठीत कळायचा हक्क नाही? पाटीवरून भांडणारे सगळे पक्ष या बाबतीत गप्प का? आणि अक्षर केवढं, तर मोहरीच्या दाण्याएवढं, तेही चकचकीत चांदीवर पांढरं. माझ्या सासूबाई चष्मा लावून, वर भिंग धरून वाचतात, तरी अर्धं सुटतं.

आणि वाचता आलं, तरी सरळ कळेल असं थोडंच आहे. साखर एकाच नावाने लिहिली तर ती यादीत पहिली येईल. म्हणून थोडी साखर, थोडं लिक्विड ग्लुकोज, थोडं इन्व्हर्ट सिरप, थोडा मध. चौघांची वाटणी झाली की मैदा पहिला येतो, आणि साखर तिसऱ्या-चौथ्या नंबरवर निमूट बसते. माल्टोडेक्स्ट्रिन तर साखरेच्या रकान्यात सहसा धरलंच जात नाही, रक्तातली साखर मात्र झपाट्याने वाढवतं. "मल्टीग्रेन" बिस्किटात पहिला मैदा. "ब्राऊन" ब्रेडमध्ये कित्येकदा मैदाच, आणि तपकिरी रंग कॅरॅमलचा, आयएनएस १५० च्या कुळातला. दुधात घालून खायच्या चॉकलेटवाल्या सिरियलच्या खोक्यावर सगळे आकडे एका वाढणीचे, आणि वाढणी तीस ग्रॅमची. माझा धाकटा वाडग्यात ओततो ते तीस ग्रॅम नसतं, हे कुठल्याही आईला विचारा. म्हणून १०० ग्रॅमचा रकाना बघायचा, वाढणीचा नाही.

एक नियम मात्र खरंच कामाचा आहे आणि फार कमी लोकांना माहीत असतो. पाकिटाच्या पुढे एखाद्या घटकाचं चित्र किंवा नाव ठळकपणे मिरवलं, तर तो घटक किती टक्के आहे हे यादीत लिहावंच लागतं. नाचणीची बिस्किटं घ्या. पुढे नाचणीची कणसं, मातीचा रंग, सुपात धान्य. मागे नाचणीपुढचा कंसातला आकडा बघा. दहा-बारा टक्क्यांवर थांबलेला दिसला, तर उरलेलं काय आहे ते वर वाचा.

मावशींच्या माहेरी अजून नाचणी पिकते. डोंगरउताराला, पावसावर. त्यांचा भाऊ ती व्यापाऱ्याला घालतो. घरी उरते तिची भाकरी होते, पण मुलीला ती नको असते, कारण शाळेत काळ्या भाकरीवरून चिडवतात. मग शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असलेलं हे धान्य मागे राहतं, आणि "कॅल्शियमयुक्त" लिहिलेला साखरेचा पुडा घरात येतो. यात आईचा आळस कुठे आहे? त्या पोरीला तिच्या आजोळच्या अन्नाची लाज कोणी वाटायला लावली? तीस सेकंदांच्या जाहिरातींनी. वर्षानुवर्षं. रोज संध्याकाळी, कार्टूनच्या मध्ये.

मी ओरडतेय, ठाऊक आहे. पण ओरडल्याशिवाय इथे काही हललेलं नाही. २०२३ मध्ये एका तरुणाने अशाच एका प्रसिद्ध पावडरीतल्या साखरेवर व्हिडिओ केला, तर त्यालाच कायदेशीर नोटीस आली आणि व्हिडिओ काढावा लागला. पण बोभाटा झाला, बाल हक्क आयोगाने दखल घेतली, आणि एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना कळवलं की ही पेयं "हेल्थ ड्रिंक" या गटातून काढा. कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक अशी काही व्याख्याच नाही. म्हणजे इतकी वर्षं जे नाव ऐकत आपण लहानाचे मोठे झालो, त्याला कायद्यात जागाच नव्हती! त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेची नवी आहार मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात पाकिटावरच्या दाव्यांवर विसंबू नका, असं स्पष्ट सांगितलंय, आणि दिवसाला साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवा, असंही.

मग पाकिटाच्या पुढच्या बाजूला "यात साखर जास्त आहे" असं का नाही छापत? दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाने २०१६ पासून ते छापायला लावलंय. काळी अष्टकोनी खूण, थेट पुढे, लहान पोरालाही कळेल अशी. खोक्यावरचे वाघ-ससेसुद्धा काढायला लावले. आपल्याकडे २०२२ मध्ये एफएसएसएआयचा मसुदा आला तो ताऱ्यांचा, अर्ध्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत. साखर जास्त असली, तरी थोडा सुका मेवा किंवा थोडं भरडधान्य घातलं की गुण सुधारणार. अहो, त्या सिरियलला दोन तारे मिळाले तरी मावशींना ते बक्षीसच वाटणार! २०२५ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने यावर काम संपवायला तीन महिने दिले. ते कधीच उलटले. आज माझ्या ओट्यावर पडलेल्या एकाही पाकिटावर समोर काही आलेलं नाही.

आता कोणी म्हणेल, पाकिटातलं सगळंच वाईट नसतं. नसतं. साधे ओट्स घ्या, घटकांत फक्त ओट्स लिहिलेलं असतं, खुशाल खा. मसाला ओट्सच्या पाकिटावर मात्र मिठाचा आकडा बघा. आणि घरचं ते सगळं पवित्र, असंही मी म्हणत नाही. नुसत्या बटाटेपोह्यांवर शेव भुरभुरून दिली तर त्यातही फार काही नाही.

पण पोह्यांत मूठभर शेंगदाणे आणि मटार घालायला, वर लिंबू पिळायला कुठलं लेबल लागतं? लिंबाने तर लोह अंगी लागायला मदतच होते. रात्री मूग भिजत घातले की सकाळी धिरडी. भाजणी एकदा दळून आणली की महिनाभर थालीपीठ. तांदळाची उकड दहा मिनिटांत होते, ताक आणि लसूण-मिरचीची फोडणी, बस. उकडलेलं अंडं. कालच्या पोळ्यांचा कुस्करा, त्यात कांदा आणि दाण्याचं कूट. शेंगदाणा-गुळाचा लाडू, तोही गोडच आहे, म्हणून एकच. यातलं काहीही नवं नाही, तुम्हा सगळ्यांच्या घरी होतं. आमच्याकडे सकाळचा नाश्ता नवरा करतो. ग्रुपवरच्या काकांसाठी हे मुद्दाम लिहितेय. मुलांची तब्येत बाबाच्या हातातही असते.

मावशींना त्या दिवशी सगळं वाचून दाखवलं, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच विचारलं, "फोडलेला पुडा दुकानदार परत घेईल का?" घेणार नव्हता, अर्थातच. मला तेव्हा जे वाटलं ते आज त्या अंगठ्यांकडे बघून पुन्हा वाटलं. पैशाचं सोडा. आपण लेकीसाठी सगळ्यात चांगलं आणलं, हा जो आनंद घेऊन ती बाई दोन जिने चढून आली होती, तो पाच मिनिटांत मी काढून घेतला. काढून घ्यायला मी कशाला लागले? ते सगळं पुड्याच्या पुढे, मराठीत, ठळक असतं तर त्यांनी तो दुकानातच खाली ठेवला असता.

नंतर आम्ही बोललो. पोरीला शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, पण मळमळतं म्हणून ती घेत नव्हती, हे तेव्हा कळलं. जेवणानंतर घे, त्यावर लगेच चहा नको, असं मावशींनी तिला बजावलं. पालेभाजी, मटकीची उसळ, लिंबू सुरू झालं. भाकरी मात्र ती अजून डब्यात नेत नाही. घरी खाते. दूध साधंच पिते, अर्धा चमचा साखर घालून. आणि मावशी आता कुठलंही पाकीट आणलं की आधी मला फोटो पाठवतात. त्यांना यादीतला पहिला शब्द ओळखता येऊ लागलाय, शुगर आणि मैदा तर इंग्रजीत बघूनच कळतात.

ज्यांनी सकाळी अंगठे दिलेत त्यांच्यातले कितीतरी माझे चांगले शेजारी आहेत, अडीअडचणीला धावून येणारे. म्हणून भांडण वाढवत नाही, एक काम सुचवते. रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी क्लब हाऊसमध्ये बसणार आहे. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावश्या, सिक्युरिटीचे दादा, इस्त्रीवाले, ज्यांना कोणाला हवं त्यांनी घरातली मुलांच्या खाण्याची पाकिटं घेऊन यावं. आपण वाचून पहिले तीन घटक आणि १०० ग्रॅममधली साखर मोठ्या मराठी अक्षरांत चिकटपट्टीवर लिहून पुड्यावर लावून देऊ. जे घटक काय आहेत ते कळणार नाही, ते शोधून सांगू. एफएसएसएआयला मराठी लेबलसाठी आणि पुढच्या बाजूच्या इशाऱ्यासाठी पत्र लिहून ठेवलंय, त्यावर सह्याही घेऊ. व्हिडिओ फॉरवर्ड करणारे काका, तुम्ही नक्की या, तुमचं अक्षर चांगलं आहे. येणाऱ्यांनी खाली नाव लिहा, म्हणजे किती टेबलं लावायची ते ठरवता येईल.